जुन्या रिंगेचं माहात्म्य

इंजिन खोलल्याबरोबर जो माणूस मापं घ्यायला बसतो, त्याचा माणुसकीवरचा विश्वास उडालेला आहे असं खुशाल समजावं. ज्या पिस्टनने इतकी वर्षं घर चालवलं, त्याच्याच पोटाला मायक्रोमीटर लावायचा? मीरा रोड पूर्वेला, आमच्या पूनम सागरच्या आसपास, असला कृतघ्नपणा सहसा होत नाही. इथे रिक्षाचं इंजिन सकाळी उतरतं, दुपारी खोललं जातं आणि संध्याकाळच्या लोकलची गर्दी स्टेशनाबाहेर पडायच्या आत पुन्हा बांधून शेअरच्या रांगेत उभं राहतं. मधल्या वेळात दोनदा चहा होतो. मोजमापाला वेळ उरत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

बोअर तपासण्याचं सारं शास्त्र इथे अंगठ्याच्या नखात आहे. सिलिंडर सगळ्यात जास्त झिजतो तो वरच्या बाजूला, जिथे पिस्टनची पहिली रिंग येऊन मागे फिरते. तिथे आग सगळ्यात जवळ असते आणि ऑईल सगळ्यात कमी पोचतं. त्याच्याही वर रिंग जात नाही, म्हणून तिथलं लोखंड जसंच्या तसं राहतं आणि मध्ये एक पायरी तयार होते. उस्ताद पायरीवरून नख फिरवतात. नख अडकतं. सगळे गंभीर होतात.

"उस्ताद, बोर मारायचा का?"

"कशाला उगीच? अजून सहा महिने काढेल."

पुस्तक वेगळं सांगतं. रिंग बोअरमध्ये ठेवायची, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ बसवायची आणि तिच्या दोन टोकांतल्या फटीत फीलर गेजची पाती घालून बघायची. फट मर्यादेबाहेर गेली तर रिंग बदला. बोअरच झिजला असेल तर लेथवर बोर मारून पाव किंवा अर्धा मिलिमीटर ओव्हरसाईज पिस्टन घाला, मग होनिंग करा म्हणजे भिंतीवर तिरप्या रेघा उठतात आणि त्या ऑईल धरून ठेवतात. फीलर गेज उस्तादांकडे आहे. प्लगवरचा कार्बन खरवडायला तिच्यासारखं हत्यार नाही. होनिंगसाठी पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि दोन बोटं पुरतात.

खिशात चार पैसे असलेला एखादा हौशी मालक म्हणतो, बोर राहू दे, पण रिंगा तरी नव्या टाका. ही चैन त्याला भोवते. नव्या रिंगेची धार कोरी असते. ती त्या पायरीवर आपटते आणि कधीकधी तुटते. जुनी रिंग त्या पायरीबरोबरच झिजलेली असते, कुठे अंग चोरायचं हे तिला ठाऊक असतं. म्हणून नवीपेक्षा जुनी बरी. या युक्तिवादात एकच उणीव आहे. पायरीही काढता येते आणि रिंगही बदलता येते, पण मग दोन्ही करावं लागतं.

रिंगा बसवण्याबाबतही आमच्याकडे उदार धोरण आहे. रिंगेच्या एका बाजूवर बारीक अक्षरात खूण असते, ती बाजू वर ठेवायची असते. बऱ्याच इंजिनांत दुसऱ्या रिंगेची कड किंचित उतरती केलेली असते, म्हणजे पिस्टन खाली येताना ती भिंतीवरचं ऑईल खाली ओढून आणते. उलटी बसली की तेच ऑईल वर चढवते. सगळ्यांना समान लेखणाऱ्यांनी वर-खाली बघत बसावं, ही अपेक्षाच चुकीची.

सीएनजीची गोष्ट तर आणखी बोधप्रद आहे. हा गॅस कोरडा जळतो आणि वाल्व्हच्या सीटला त्याचा त्रास होतो. सीट झिजली की वाल्व्ह हेडमध्ये आत सरकत जातो आणि टॅपेटची फट कमी होते. फट कमी झाली की टॅपेटची टकटक थांबते. इंजिन शांत होतं. मालक खूश, उस्ताद खूश, मागे बसलेली मावशीही म्हणते, "किती गुळगुळीत चालते हो तुमची रिक्षा!" फट पार संपली की वाल्व्ह पूर्ण मिटत नाही, जळता वायू त्याच्या कडेने निसटतो आणि कड जळते. पण तोवर जी शांतता मिळाली ती काय कमी आहे? टकटक करणारा टॅपेट निदान जिवंत असतो, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींना हल्ली कोणी विचारत नाही.

क्रँकची परीक्षा हलवून होते. कनेक्टिंग रॉड आडवा थोडा सरकतो, तसा तो सरकायलाच हवा. वर-खाली मात्र अजिबात खेळता कामा नये. उस्ताद रॉड धरून चारी दिशांना एकदाच हलवतात आणि जे काही जाणवतं त्याला 'थोडा प्ले आहे' म्हणतात. कुठल्या दिशेचा, हा प्रश्न विचारणं असभ्यपणाचं आहे. शेवटी हेडची जुनीच पॅकिंग पुसून, तिला सिल्व्हर पेंटचा हात मारून परत बसवली की सोहळा संपला.

ही विद्या जगाला माहीत नव्हती म्हणून जगाचं किती नुकसान झालं पाहा. जर्मनीत एनएसयू नावाची कंपनी होती. तिने १९६७ मध्ये रो ८० ही मोटार काढली. तिच्यात वांकेलचं रोटरी इंजिन होतं, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर आणि त्याच्या तिन्ही टोकांना सीलच्या पट्ट्या. पुढच्याच वर्षी युरोपातली सर्वोत्तम मोटार म्हणून तिचा गौरव झाला. मग पट्ट्या झिजू लागल्या. कंपनीने काय करावं? वॉरंटीत इंजिनंच बदलून दिली! त्या खर्चाने ती इतकी खचली की १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली ऑडीत विलीन झाली. दारात एक टेबल टाकून 'अजून सहा महिने काढेल' म्हणणारा एक माणूस बसवला असता तर ती आजही उभी असती.

जपानच्या माझदाचंही तेच. आधी तिच्या रोटरी इंजिनात रोटरच्या घराच्या आतल्या भिंतीवर ओरखडे उठायचे. त्यांना सैतानाची नखं असं नाव देऊन ४७ इंजिनिअर त्यांच्या मागे लागले. पुढे या कंपनीने १९९१ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत चार रोटरच्या इंजिनावर जिंकली आणि जिंकल्यावर काय केलं, तर ते इंजिन खोलून आतली झीज तपासली. चालतं इंजिन! आमच्या गल्लीत कोणी असं केलं तर घरच्यांना निरोप धाडतील.

याच कंपनीच्या आरएक्स-७ मधल्या १३बी इंजिनाची पट्टी नवी असताना ८ मिलिमीटर उंच असते. ६.५ च्या खाली उतरली की फेकायची, तोवर चालते. म्हणजे जुना भाग पुन्हा घालायला जपान्यांचीही ना नाही, फक्त आधी तो मोजायचा. आम्ही न मोजता घालतो. यात पुढारलेलं कोण, हे उघड आहे.

आता थोडं परिणामांबद्दल. बांधलेली रिक्षा निळा धूर सोडते, कारण ऑईल जळतं. त्याने कोणाचं अडत नाही. सीएनजी गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन बघतात, धुराची घनता मापायचं यंत्र डिझेलवाल्यांसाठी असतं. काशिमिऱ्याहून ठाण्याला जाताना गायमुखच्या चढावर कॉम्प्रेशन पुरत नाही, तेव्हा प्रवाशांना उतरून थोडं चालावं लागतं. खाडीचा वारा लागतो, मीटर चालूच असतं. शिवाय रोजगाराचा विचार करा. मापं घेऊन बांधलेलं इंजिन वर्षानुवर्षं गॅरेजकडे फिरकत नाही, अशाने उस्तादांनी पोट कसं भरायचं? पार्टात वाचवलेले दोन-चारशे रुपये मजुरीच्या रूपाने पुन्हा त्याच गल्लीत खेळते राहतात. एकाच इंजिनाची तीनदा खोलाई होते. अर्थव्यवस्था यालाच म्हणतात.

तेव्हा वाचकहो, तुमचं इंजिन बांधायला टाकलंत तर उस्तादांच्या कामात तोंड घालू नका आणि काढलेले जुने भाग दाखवा असं तर मुळीच म्हणू नका, ते आतच असतात. मजुरी मात्र आधी दोन हप्त्यांत ठरवून घ्या. दुसरा हप्ता दुसऱ्यांदा खोलताना लागेल.