कवळीची साक्ष

मामलेदार कचेरीत तीस वर्षे जमाखर्चाच्या वह्यांवर मान मोडून घेतलेल्या मनुष्यास यच्चयावत वस्तूंची किंमत कळते, असा समज आमच्या आप्तवर्गात दृढमूल झालेला असल्यामुळे, आत्याबाईंच्या पश्चात त्यांच्या कपाटात सापडलेला बिस्किटांचा डबा, आतील एकोणीस जोड व चार विधुर कर्णभूषणांसह, यादी आणि मूल्यनिर्णयासाठी माझ्यापुढे दाखल झाला. पाटल्यांची वाटणी दहा मिनिटांत, कोणाचाही आवाज न चढता उरकली होती. सोन्याचा भाव वर्तमानपत्रात छापून येतो. मण्यांचा येत नाही, म्हणून तिघी सुनांची हमरीतुमरी. अखेर ठरले असे की, मी किमती मुक्रर कराव्यात, ज्या सुनेला जे हवे तिने तेवढे पैसे डब्यात टाकून ते उचलावे, आणि जमलेली रक्कम देवळात द्यावी.

मी रीतसर पंचनाम्यास बसलो. कागद हाती आला की आधी पाठ पाहावी, खरा शेरा तेथेच असतो, हा कचेरीतला शिरस्ता येथेही फळला. निळ्या मण्यांच्या एका गुच्छामागील चिमट्यावर भिंगातून ‘वेस्ट जर्मनी’ अशी अक्षरे दिसली. अर्थात जन्म १९४९ नंतरचा. काचमण्यांसाठी नावाजलेल्या बोहेमियातील गाब्लोन्झचे जर्मन कारागीर महायुद्धानंतर हद्दपार झाले आणि बव्हेरियात काउफबॉयरेनजवळ नवे गाब्लोन्झ वसवून पुन्हा त्याच धंद्यास लागले; त्यांच्यापैकी कोणाच्या हातचा हा जोड असेल, या कल्पनेने मी क्षणभर सद्गदित झालो. बोटीवर नोकरीस असलेल्या भाच्याने तो आणला होता. आत्याबाईंचे कान टोचलेले, तेव्हा चिमटा त्यांच्या काय कामाचा? त्यांनी तो विजेच्या बिलांना लावला होता, आणि तेथे त्याने वर्षानुवर्षे एकही कागद निसटू दिला नाही. किंमत रुपये पाच. पैकी तीन सचोटीबद्दल.

पुढे काच की प्लास्टिक, हा प्रश्न. काच गालाला गार लागते, प्लास्टिक कोमट. शिवाय साच्यातून निघालेल्या मण्याच्या कडेला बारीक सांधा राहतो. दोन्ही गालांना मणी लावून, डोळे मिटून बसलेला मी दृष्टीस पडताच दूधवाला उंबऱ्यावरूनच परतला.

मोत्यांच्या बाबतीत मात्र प्रकरण नाजूक झाले. छिद्राच्या कडेची झिलई उडून आत काच दिसली, की मोती खोटा. आणि अशा मोत्यांना ते तेज पुष्कळदा माशांच्या खवल्यांच्या लेपाने आणतात, हे मी माहीतगारीच्या भरात बोलून गेलो. चातुर्मासात कांद्याचे नावही न घेणाऱ्या आत्याबाई त्याच जोडाने मंगळागौरी जागवीत आल्या होत्या. थोरल्या सूनबाईंनी तो डब्यात परत ठेवला आणि हात धुऊन आल्या.

उरली सात मोत्यांची एक काळवंडलेली कुडी. खरा मोती, मग तो कल्चर्ड का असेना, दातावर हलकेच फिरवला असता रेतीसारखा खरखरतो. खोटा गुळगुळीत निसटतो. मी तो सर्वांसमक्ष दातावर फिरवला. गुळगुळीत! ‘नकली, रुपये दोन’ असा शेरा मारून मी खाली सही ठोकली.

“मला आपली ती खोटीच पुरे, मामंजी,” धाकट्या सूनबाई नम्रपणे म्हणाल्या. त्यांच्या या निर्लोभ वृत्तीचे मी चारचौघांत कौतुकही केले.

रात्री कवळी काढून पेल्यात ठेवताना आमचे कुटुंब शेजारी उभे होते. तिने पेल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“दुपारी मोती फिरवलात तो याच दातांवर ना?”

तेव्हा आठवले की, चहाचे कप उचलताना धाकट्या सूनबाई ती कुडी घेऊन खिडकीशी गेल्या होत्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहून बराच वेळ काहीतरी चावीत होत्या. सुपारी असेल, असे मला वाटले होते. दोन रुपये तर त्यांनी माझ्या सहीच्या आधीच पदराच्या गाठीतून सोडवून ठेवले होते.