सोडलं म्हणे

आपल्याकडे कारकून नोकरी बदलतो, दुकानदार धंदा बदलतो. नटी मात्र सिनेमा ‘सोडते’. तंबाखू सोडावी तसा. तंबाखू सोडणाऱ्याकडे लोक महिनाभर संशयाने बघतात, हिच्याकडे जन्मभर.

परवा जेवताना मी सहज विचारलं, “मयूरी कांगो आठवते का गं?” बायकोला आठवेना. मी उदित नारायणचं ते गाणं गुणगुणलो. माझा सूर बंद पडावा म्हणून की काय, तिला लगेच आठवलं. “अगोबाई, ती होय! बिचारीचं पुढे काहीच झालं नाही ना?”

बिचारी! मुलगी औरंगाबादची. वडील भालचंद्र कांगो, कम्युनिस्ट पक्षाचे, आई नाटकातली. सईद मिर्झांच्या ‘नसीम’मध्ये (१९९५) ही शाळकरी नात झाली आणि आजोबा झाले साक्षात कैफी आझमी. बाहेर १९९२चा डिसेंबर जवळ येत चाललाय, आत म्हातारा अंथरुणाला खिळून जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगतोय आणि ही ऐकत बसलीय. सुरुवातीलाच असे आजोबा मिळाल्यावर पुढच्या नायकांचं काय कौतुक वाटणार? १९९६मध्ये महेश भट्टांचा ‘पापा कहते हैं’ आला. सिनेमा पडला, गाणं राहिलं. तेही जुगल हंसराजच्या तोंडी. हिने नुसतं गोड दिसायचं. मग आणखी काही सिनेमे, थोड्या मालिका, लग्न, न्यूयॉर्क, तिथे एमबीए आणि जाहिरातींचा धंदा. २०१९मध्ये ती गूगल इंडियात ‘इंडस्ट्री हेड’ झाली. एका इंडस्ट्रीने डोक्यावर घेतलं नाही, तर बाईंनी हुद्द्यातच डोकं मिळवलं. (आणि कम्युनिस्टाच्या लेकीने बाजारपेठेचं खातं सांभाळावं, हा विनोद पटकथाकारालासुद्धा सुचला नसता.)

हे सगळं मी भात कालवता कालवता सांगितलं. बायकोने आमटी वाढली. “म्हणजे रोज ऑफिसला जायची? डबा घेऊन?”

“नेत असेल की.”

“तरी सिनेमा सोडायला नको होता बाई.”

बोलणारी व्यक्ती रसायनशास्त्रात एमएस्सी करून सत्तावीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली बघतेय. तिने रसायनशास्त्र सोडलं म्हणून आजवर कोणी हळहळलेलं मला माहीत नाही. मीही नाही. उलट बँकेत लागली तेव्हा तिच्या माहेरी पेढे वाटले होते. हे मी बोललो नाही. आमटी अजून एकदा हवी होती.

मागचं आवरल्यावर ती म्हणाली, “लावा बघू ते गाणं.” मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवला. गाण्याआधी जाहिरात लागली. गुडघेदुखीचं तेल. “मेली ही जाहिरात आधी कशाला?” म्हणून ती करवादली. मी म्हटलं, “अगं, हेच तर तिचं खातं.” तिचं लक्ष नव्हतं. गाणं सुरू झालं होतं आणि ती पडद्यावरच्या मुलीकडे बघत होती, हळदीचा हात तसाच अधांतरी धरून.

गाणं संपलं. जरा वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, “त्या तेलाचं नाव काय हो होतं?”