दक्षिणगिरिनगरमीमांसा
अर्थात नागपूरकराने कुठे राहायला जावे, याविषयीचा सप्रमाण विचार

प्रयोजन

दरवर्षी रामनवमीच्या सुमारास आमच्या घरी माळ्यावरून दोन वस्तू खाली उतरतात. पहिली कूलर आणि दुसरी एक फाईल. कूलरच्या ताट्या, पंप आणि पाण्याचा वास या विषयांवर नागपुरात घरोघरी तज्ज्ञ आहेत. फाईलकडे मात्र अभ्यासकांचे अक्षम्य दुर्लक्ष झाले आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत प्रबंध लिहिला आहे.

फाईलवर निळ्या शाईत ‘स्थलांतर’ असे लिहिलेले आहे. आत अकरा वर्षांची कात्रणे, रेल्वेची कालबाह्य वेळापत्रके, दोन नकाशे आणि कुठल्याशा लग्नात भेटलेल्या गृहस्थांच्या मेव्हण्याचा फोन नंबर आहे. हा मेव्हणा म्हैसूरला बंगला बांधून सुखी आहे असे कळते. निवृत्तीनंतर दक्षिणेकडच्या, डोंगराजवळच्या, मध्यम आकाराच्या शहरात राहायला जायचे, हा फाईलचा विषय. जायचे हे ठरलेले आहे. कुठे, एवढेच बाकी आहे.

पूर्वसूरी

या शास्त्राचे आद्य आचार्य म्हणजे ‘मेघदूता’तला यक्ष. तो रामगिरीवर वर्षभराची शिक्षा भोगत होता, आणि रामगिरी म्हणजे आपले रामटेक असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे प्रतिपादन आहे. ते स्वीकारले, की नागपूर जिल्ह्यात बसून दूरच्या डोंगरातल्या शहराचा ध्यास घेणारा पहिला ज्ञात रहिवासी यक्ष ठरतो. त्याने वाटेतल्या नद्या सांगितल्या, डोंगर सांगितले, थोडी वाट वाकडी करून उज्जयिनी बघावी हेही सुचवले. इतका बारकाईने आराखडा आखून तो स्वतः जागचा हलला नाही, ढगाला पाठवले. त्याला शाप होता, हे खरे. आमच्याही मानेवर घराचा हप्ता होता.

दुसरे पूर्वसूरी म्हणजे मध्य प्रांताचे सरकार. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी, आणि उन्हाळ्यातली राजधानी पचमढी. म्हणजे मे महिन्यात नागपूर सोडून जाणे हा एके काळी पळपुटेपणा नव्हता, शासकीय धोरण होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि पचमढी मध्य प्रदेशात राहिली. राजधानीचा मान गेल्याचे दुःख नागपूरकर आजही चारचौघांत बोलून दाखवतो. पचमढी गेल्याचे दुःख बोलावे लागत नाही, ते मेमध्ये आपोआप दिसते. १९५३च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन मात्र पदरात टाकले आणि ते हिवाळ्यात भरू लागले. थोडक्यात, उन्हाळ्यात जायची जागा गेली आणि हिवाळ्यात यायचे पाहुणे मिळाले.

नव्या व्यवस्थेत महाबळेश्वर आपले झाले, ते नागपूरपासून ८०० किलोमीटरच्या पलीकडे. हाताशी चिखलदरा उरले. उंची ११०० मीटरच्या आसपास, वर कॉफीचे मळे. पण ते शहर नव्हे. कीचकाला तिथल्या दरीत फेकून दिल्यावर भीमसुद्धा वस्तीला थांबला नाही.

लक्षण

आता व्याख्या. विषयात तीन पदे आहेत आणि तिन्ही निसरडी आहेत.

*दक्षिण.* नागपूरच्या झिरो माईलच्या स्तंभावर गावोगावची अंतरे कोरलेली आहेत, त्यात हैदराबाद ३१८ मैल आहे. म्हणून नागपुरी मनाला दक्षिण म्हणजे हैदराबादच्या बाजूला वाटते आणि कोल्हापूर ‘तिकडे पुण्याकडे’ वाटते. नकाशा उघडला तर कोल्हापूर अक्षांशाने हैदराबादच्याही खाली निघते. तेव्हा कोल्हापूर ही दक्षिण आहे. ही गोष्ट कोल्हापूरकरांना कळवू नये. त्यांचा समज वेगळा असू शकतो.

*मध्यम शहर.* लोकसंख्येचे आकडे इथे उपयोगी पडत नाहीत. बाजारात गेल्यावर ओळखीचा माणूस एकदा भेटला तर मध्यम शहर. दोनदा भेटला तर गाव. आणि भेटूनही त्याने ओळख दाखवली नाही तर पुणे. या व्याख्येने पुणे बाद होते. शिवाय तिथे मुलगा आधीच आहे, आणि तिथे जाण्याला स्थलांतर म्हणत नाहीत, नातू सांभाळणे म्हणतात.

*डोंगराजवळ.* डोंगर गच्चीवरून डोळ्याला दिसावा आणि गुडघ्याला कळू नये, इतके अंतर असावे. नागपूरकराचे उंचीचे मूळ माप सीताबर्डीची टेकडी. १८१७च्या नोव्हेंबरात त्या टेकडीवर लढाई झाली आणि भोसल्यांच्या राज्याचे भवितव्य ठरले. एवढ्याशा उंचीवर एवढा मोठा निकाल लागतो, म्हणून नागपूरकराला डोंगराबद्दल आदर फार आणि सवय कमी.

प्रमाण

काही शंकेखोर म्हणतात, नागपूरचे ऊन हा निव्वळ कांगावा आहे. त्यांच्यासाठी नोंद: २३ मे २०१३ला शहरात ४७.९ अंश तापमान होते. ३० मे २०२४ला तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. यंत्रात बिघाड असल्याचे हवामान खात्याने नंतर सांगितले. आमच्या गल्लीत मात्र त्या आकड्याचे कोणालाच आश्चर्य वाटले नव्हते. ‘बिघाड असंन, पण खोटं नाही बोललं यंत्र,’ असा सर्वसाधारण अभिप्राय पडला. सूर्य रोहिणीत शिरला, साधारण २५ मेला, की नवतपा सुरू होतो आणि त्या नऊ दिवसांत फाईलमध्ये सर्वाधिक नोंदी होतात.

उपायाचे गणित असे. हजार मीटर वर गेले की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर. बेळगाव आणि म्हैसूर साडेसातशेच्या आसपास. फरक साडेचारशे मीटर. म्हणजे केवळ उंचीचे मिळणारे सुख तीन अंश. बाकीचा थंडावा समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याचा. नागपूरला पूर्वेचा समुद्र लांब आणि पश्चिमेचाही लांब, वारा पोचेपर्यंत त्याचा फुफाटा होतो. म्हणून नुसता डोंगर पाहून शहर निवडणारा फसतो. डोंगर कोणत्या बाजूला आहे आणि वारा कोणत्या फटीतून येतो, हे बघावे लागते. ही नोंद वाचकाने खूण करून ठेवावी. पुढे अण्णा येणार आहेत.

नगरपरीक्षा

*बेळगाव.* मराठी कानावर पडते, कुंदा मिळतो, आंबोलीचा घाट जवळ. पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत असत, म्हणजे विनोदाला हवा मानवते. अर्ज जवळजवळ मंजूर झाला होता. तेवढ्यात लक्षात आले, की २०१२मध्ये तिथे सुवर्ण विधानसौध उभे राहिले आणि कर्नाटकाचे विधिमंडळ हिवाळी अधिवेशनाला तिथे जाते. मंत्र्यांचे ताफे, बंद रस्ते, मोर्चे आणि ‘आमच्या भागाला काय मिळाले?’ हा वार्षिक प्रश्न. हे सगळे टाळायला नागपूर सोडायचे आणि तेच कानडीतून ऐकायचे? निर्णय राखून ठेवला.

*कोल्हापूर.* पन्हाळा हाकेवर. तांबडा-पांढरा रस्सा आमच्या सावजी रश्शाची आठवण पुसणार नाही, पण जखमेवर फुंकर घालेल. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेचे पाणी शहरात शिरले होते, म्हणून घर उंचावर बघायचे ठरले. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूरहून थेट कोल्हापूरला नेते. एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र गाडी चालते आणि तरी महाराष्ट्र संपत नाही. वाटेत साताराही लागते. तिथे अजिंक्यतारा आहे, कासचे पठार आहे, कंदी पेढे आहेत. पण एकदा गाडीत बसलेला नागपूरकर शेवटच्या स्टेशनाआधी उतरणे हा तिकिटाचा अपमान समजतो.

अडचण आली ती व्याकरणाची. एका घरमालकाने फोनवर विचारले, ‘कधी येताय?’ आम्ही म्हणालो, ‘येऊन राहिलो ना जी.’ तो म्हणाला, ‘आलायसा व्हय? मग ऱ्हायलाय कुठं?’

इथे थोडे थांबले पाहिजे. वऱ्हाड-नागपुरात ‘जाऊन राहिलो’ म्हणजे जाण्याची क्रिया चालू आहे. बाकीच्या महाराष्ट्रात ‘जाऊन राहिलो’ म्हणजे गेलो, पोचलो, मुक्कामही केला. तीच अक्षरे, तोच क्रम, आणि दोन्ही अर्थांत अख्ख्या प्रवासाचे अंतर. या शोधाचे महत्त्व प्रबंधाच्या शेवटी कळेल.

*तंजावर.* सौ.नी सुचवलेले. १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तिथे राज्य मांडले, १८५५पर्यंत ते घराणे टिकले आणि दक्षिणी मराठी तिथल्या घरांतून अजून बोलली जाते. मराठी माणसाने दक्षिणेत जाऊन राहण्याचा याहून मोठा दाखला नाही, आणि इथे ‘जाऊन राहण्या’चा अर्थ कोल्हापुरी आहे. पण कावेरीचा तो प्रदेश सपाट, डोंगर नाही. बृहदीश्वराचे २०० फुटांहून उंच शिखर पर्वत धरावे काय, यावर दोन संध्याकाळी वाद झाला. धरू नये, असे ठरले. त्यावर चढता येत नाही आणि तिथे वाराही खाता येत नाही.

*म्हैसूर.* शहर स्वच्छ, झाडी दाट, चामुंडीची टेकडी गच्चीवरून दिसणारी, वर जायला हजार पायऱ्या आणि त्या न चढण्यासाठी रस्ता. मेव्हण्याला फोन केला. ऊन? नाही. धूळ? नाही. पाणी? येते. शेजारी? चांगले. ‘मग दिवसभर तुम्ही बोलता काय?’ असे विचारल्यावर पलीकडे शांतता पसरली. निष्कर्ष: राहायला योग्य, कुरकुरीला अयोग्य.

*कोइमतूर.* उंची अवघी ४११ मीटर, आमच्याहून शंभर मीटर जास्त. उंचीच्या हिशेबाने दोन-तृतीयांश अंशाचाच लाभ. तरी हवा सुसह्य, कारण सह्याद्रीच्या भिंतीत इथे पालघाटची खिंड आहे आणि तिच्यातून पश्चिमेचा वारा आत येतो. शेजारी निलगिरी, मेट्टुपाळयमहून उटीला दात्यांच्या रुळावरची आगगाडी जाते. कापडगिरण्यांचे शहर, त्यामुळे एम्प्रेस मिलच्या गावच्या माणसाला परके वाटू नये. सर्व निकष पुरे झाले.

सौ.नी एकच प्रश्न केला, ‘अहो, तिथे सांबार मिळेल का?’

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हिवाळ्यात तिच्या जुड्या घरी येतात आणि सांबारवडी होते. कोइमतूरच्या बाजारात पिशवी पुढे करून ‘सांबार द्या’ म्हटल्यावर त्या पिशवीत काय ओतले जाईल, या कल्पनेने चर्चा तिथेच थांबली.

उत्तरपक्ष

शास्त्रार्थात प्रतिपक्षाला बोलू द्यावे लागते. आमचा प्रतिपक्ष शेजारीच राहतो. अण्णा मूळचे पालक्काडचे. रेल्वेच्या नोकरीत नागपूरला आले, निवृत्त झाले आणि इथेच राहिले. त्यांची मराठी आमच्या मुलांपेक्षा अधिक नागपुरी आहे. एका संध्याकाळी कूलरसमोर बसून त्यांनी फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि चष्मा पुसला.

‘भाऊ, तुम्ही शोधून राहिले ते गाव मी पाह्यलं हाय. दक्षिणेत हाय, मध्यम हाय, डोंगर खिडकीतून दिसते. मी तिथूनच आलो न बाप्पा.’

आम्ही अवाक. अण्णांनी खुलासा केला तो असा. पालक्काड त्याच खिंडीत वसलेले आहे आणि केरळातल्या सर्वांत तापणाऱ्या गावांत मोजले जाते. डोंगरावर राहिल्याने गारवा मिळतो. डोंगराजवळ राहिल्याने डोंगरावर गारवा आहे हे दिसत राहते. शिवाय तिथली हवा दमट. कूलरला कोरडी हवा लागते. ताटीवरचे पाणी उडून जाते आणि जाता जाता हवेतली उष्णता घेऊन जाते. दमट हवेत पाणी उडत नाही. कूलर तिथे नुसता आवाज करणारा पंखा.

‘इथं काय हाय,’ अण्णा म्हणाले, ‘ऊन भी कोरडं अन् माणूस भी कोरडा. दोघांवर पाणी टाकलं का थंड.’

या युक्तिवादाचे खंडन करता आलेले नाही.

निर्णय

निर्णयाची बैठक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवतात. यंदाही ठेवली. फाईल मांडली, नकाशे उलगडले, बेळगावचा राखीव निर्णय पुन्हा पटलावर घेतला. तेवढ्यात अंबाझरी तलावाकडून वारा आला आणि पाठोपाठ एक ढग. अर्ध्या तासात गच्चीवरचे वाळवण भिजले, गल्लीतली पोरे ओरडत सुटली आणि सौ.नी कूलर बंद केला. तो बंद झाल्यावर जी शांतता पसरते तिच्यात कोणालाही कुठे जावेसे वाटत नाही.

रामगिरीवरच्या यक्षाला ढग दिसला आणि दूरचे शहर आठवले. नागपूरकराला ढग दिसतो आणि दूरचे शहर विसरते. दोघांचा मुक्काम मात्र त्याच जिल्ह्यात राहतो. हाच या शास्त्राचा मुख्य सिद्धांत.

फाईल कूलरच्या जोडीने माळ्यावर चढली. आम्ही भजी घेऊन फाटकाशी उभे होतो. अण्णा छत्री उघडत आले.

‘काहून जी, गेले नाही अजून?’

‘जाऊन राहिलो ना, अण्णा.’

अण्णांनी मान डोलावली आणि एक भजे उचलले. तेही गेली चाळीस वर्षे पालक्काडला जाऊन राहिले आहेत.