एक टीबीचा काटा

‘पिस्तुल्या’ करणारे नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकले, आणि त्या लघुपटाला 58 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचा मान मिळाला. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून ‘ख्वाडा’ काढला, तोही राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोचला. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात जामखेडपासून अकोल्यापर्यंत बहुतेक गावांत एक तरी दिग्दर्शक आहे, आणि त्यात काही गैर नाही. सिनेमाला गोष्ट लागते, माणसं लागतात, वेळप्रसंगी जमीन लागते, हे सगळ्या मुलाखतींत येतं. हार्ड डिस्कसाठी किती गुंठे काढावे लागतात, ते कुणी सांगत नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे.

एक टीबीची डिस्क घ्या. कॉम्प्युटरला लावली की तो 931 दाखवतो. दुकानदार म्हणतो, वरूनच तशी येते. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज 1024 च्या पटीत. दोघंही खरं बोलतात, आणि मधले 69 कुणाच्याच घरी जात नाहीत. उसाच्या काट्यात घट आली म्हणून कारखान्याच्या गेटवर बसणारा हा जिल्हा. डिस्कच्या काट्याबद्दल मात्र तहसीलदारांना साधं निवेदन दिल्याचं ऐकिवात नाही.

ती भरते कशी, तेही सांगतो. क्यामेरामन म्हणून ज्याला घेतो, त्याची पात्रता अशी की त्याच्याकडे भारीतला आयफोन आहे. त्याने कुठंतरी पाहून प्रोरेस नावाचं रेकॉर्डिंग चालू केलेलं असतं. 4के मध्ये त्याचं एक मिनिट साधारण 6 जीबी खातं, म्हणजे पावणेतीन तासांत आख्खी डिस्क खलास. त्यातला पाऊण तास कोकणकड्याचा असतो. गोष्ट नेवाशातल्या पंक्चरच्या दुकानात घडते. पण हरिश्चंद्रगड चढून, ट्रायपॉड पाठीवर नेऊन आणलेलं ते फुटेज, त्यामुळे ते ठेवायचं. नायकाला स्वप्न पडतं असं दाखवू, असं ठरतं. आमच्याकडच्या नायकांना स्वप्नं फार पडतात, ती सगळी अकोले तालुक्यातली असतात.

ज्यांच्याकडे आयफोन नाही त्यांचं फुटेज कमी जागा घेतं, पण त्याला दुसरी खोड आहे. उजेड कमी झाला की फोन आपल्या मनाने सेकंदाच्या फ्रेम कमीजास्त करतो. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला असतो, तो बिचारा सरळ चालतो. सलग घेतलेल्या लांब सीनमध्ये ओठ आणि शब्द यांची हळूहळू फारकत होत जाते. आमच्या एका फिल्ममध्ये बाप गेल्याची बातमी ऐकून मुलगा आधी रडतो, मग निरोप्या बोलतो. परीक्षकांनी याला प्रयोगशील मांडणी म्हटलं. आम्ही मान डोलावली.

एडिटिंगचं, म्हणजे लग्नवाल्यांच्या भाषेत मिक्सिंगचं, काम साध्या लॅपटॉपवर होतं, फक्त आधी प्रॉक्सी बनवाव्या लागतात. मूळ फुटेजच्या छोट्या, हलक्या प्रती. जागा नाही म्हणून हैराण झालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो असा, की प्रत्येक गोष्टीची आणखी एक प्रत कर. त्या बनेपर्यंत पंखा विमानासारखा आवाज करतो आणि घरातले दर थोड्या वेळाने येऊन विचारतात, “झालं का?” 97 टक्क्यांवर वीज जाते. ती 40 टक्क्यांवर गेल्याचं मला तरी आठवत नाही.

मग बॅकअप. जाणकार सांगतात: प्रती तीन, साठवण दोन प्रकारची, आणि एक प्रत बाहेरगावी. बाहेरगाव म्हणून आम्ही शेवगाव निवडलं, कारण तिथे मामा आहेत. नव्या टीव्हीला मागे यूएसबीचं भोक आहे हे मामांच्या लक्षात आलं, त्यांनी डिस्क लावून पाहिली. टीव्हीला ती वाचता येईना. “त्यानंच विचारलं, फॉरमॅट करू का म्हणून,” मामा म्हणाले. “एवढं विचारतोय तर म्हणलं, कर बाबा.” त्यावर आता दाक्षिणात्य सिनेमे आहेत, मराठीत डब केलेले, आणि ते उत्तम चालतात. दुसरी प्रत ज्याच्या लॅपटॉपवर होती तो सुपा एमआयडीसीत लागला आणि त्याने लॅपटॉप विकून गाडीचं डाऊन पेमेंट भरलं. तिसरी डिस्क माझ्याकडेच होती. ती लावली की टक् टक् असा आवाज करते, बाकी काही करत नाही.

याला परंपरा आहे हे मान्य. 1913 चा फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा. आज पहिलं आणि शेवटचं रीळ पाहायला मिळतं, तीही 1917 च्या नव्या आवृत्तीची असल्याचं अभ्यासक म्हणतात. पुण्यात 2003 च्या जानेवारीत नायट्रेटच्या जुन्या फिल्मना आग लागली आणि प्रभातच्या काळातली रिळं गेली. नायट्रेट जळताना स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, तिला बाहेरच्या मामांची गरज पडत नाही.

आमची फिल्म मात्र वाचली. शूटिंगच्या काळात प्रत्येक नट रोज रात्री म्हणायचा, “माझा सीन तेवढा टाक ना भाऊ,” आणि मी वैतागून टाकत गेलो. ते सगळे तुकडे व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर होते, चेहऱ्यांचे चौकोन झालेले, पण होते. ते ओळीने जोडले. सरपंचाची भूमिका करणाऱ्या काकांनी स्वतःचे सोडून कुणाचेच सीन डाऊनलोड केले नव्हते आणि कधी काही डिलीटही केलं नव्हतं, त्यामुळे फिल्ममध्ये आता सरपंच फार दिसतो. कोकणकडा पूर्ण गेला. स्पर्धेच्या अर्जात ‘चित्रीकरणाचा दर्जा’ असा रकाना होता. तिथे 4के लिहिलं.