वाघ दाखवण्यात कसूर केल्याबद्दल

प्रति,
ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील समस्त गाइडताई व गाइडभाऊ,
मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी, खुटवंडा आदी सर्व प्रवेशद्वारे,
जिल्हा चंद्रपूर.

विषय : वाघाऐवजी जंगल दाखवल्याबाबत तक्रार.

सप्रेम नमस्कार.

आमचं निसर्गावर अतोनात प्रेम आहे, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. त्याशिवाय का कोणी महिनोन्‌महिने आधी आरक्षण करतं, रात्रभर प्रवास करतं आणि पहाटे चारला उठून उघड्या जिप्सीत कुडकुडत बसतं? सहलीच्या माहितीपत्रकात याला ‘सक्रिय निसर्ग पर्यटन’ म्हटलेलं असतं, आणि सक्रियतेत आम्ही कुठेही कमी पडत नाही. सीटवर उभं राहणं, समोरून येणाऱ्या गाडीला हातवारे करून ‘दिसला का?’ असं विचारणं, ‘घे, घे, पुढे घे’ म्हणत चालकाच्या खांद्यावर थापा मारणं, हे सगळे व्यायाम आम्ही मन लावून करतो. कमी पडता ते तुम्ही.

हिशेब साधा आहे. 2022 च्या व्याघ्रगणनेत ताडोबात 97 वाघ निघाले. गाभा आणि बफर मिळून प्रकल्पाचं क्षेत्र सुमारे 1,727 चौरस किलोमीटर. भागाकार केला तर एका वाघाच्या वाट्याला जेमतेम 18 चौरस किलोमीटर येतात. एवढ्याशा जागेतून एक जनावर सकाळच्या फेरीच्या वेळी रस्त्यावर आणून उभं करणं तुम्हाला जमू नये? वर तुम्ही आम्हालाच नियम ऐकवता. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये गाभ्यातलं पर्यटन काही काळ थांबवलं होतं, नंतर मार्गदर्शक तत्त्वं आली आणि गाभ्याचा फार तर पाचवा हिस्सा आमच्यासाठी खुला ठेवायचं ठरलं. म्हणजे उरलेल्या चार हिश्श्यांत वाघ राजरोस फुकट हिंडतात आणि त्यांना कोणी बघतसुद्धा नाही. हा उघड उघड महसुलाचा अपव्यय आहे.

आता तुमच्या वर्तनाविषयी. फाटकातून गाडी आत शिरते न शिरते तोच तुमच्यातली एखादी ताई हात वर करून गाडी थांबवते. आमचे कॅमेरे सरसावतात. ताईचं बोट कुठे? तर वारुळाकडे! मग ती सांगू लागते, की अस्वलाच्या वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात. वारूळ फोडलं की आधी ते फुंकर मारून माती उडवतं आणि मग त्या दातांच्या फटीतून वाळवी ओढून घेतं. ही माहिती आम्ही मागितलेली नव्हती. वाईट इतकंच, की ती आता डोक्यातून जात नाही.

वारुळानंतर झाडं. साग, ऐन, धावडा, तेंदू, बेहडा, मोह, सगळी नावानिशी. ते पांढऱ्या सालीचं, उन्हाळ्यात पानं गाळून उभं असलेलं झाड चांदण्यात चमकतं, म्हणून त्याला भुताचं झाड म्हणतात, हे सांगायला तुम्ही गाडीची दोन मिनिटं घालवता. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ती वेचायला माणसांच्या आधी अस्वलं येतात, यात आणखी दोन. एका झाडाच्या बुंध्यापाशी थांबून तुम्ही आम्हाला चक्क हवेचा वास घ्यायला सांगता. वाघाने हद्द आखायला मारलेल्या फवाऱ्याला बासमती तांदळासारखा वास येतो म्हणे. येतो, हे मान्य. पण आम्ही वाघ बघायला आलेलो आहोत, हुंगायला नाही.

सगळ्यात जाचक प्रकार म्हणजे तुमचं ते ‘कॉल’ ऐकणं. इंजिन बंद, बोलणं बंद, श्वास तेवढा चालू. चितळ ओरडलं तर तुम्ही फारसं मनावर घेत नाही, कारण ते पान हललं तरी घाबरतं. सांबर ओरडलं की मात्र तुमची मान वळते, त्याची बातमी सहसा खोटी नसते. झाडावरून वानर खेकसलं तर त्याने वरून काहीतरी पाहिलेलं असतं. याच वानरांनी अर्धवट खाऊन टाकलेली पानं-फळं खाली चितळांना मिळतात. चितळांकडे नाक, वानरांकडे उंचावरची नजर, आणि धोक्याची वर्दी दोघांच्या कामाची. आमच्या गृहनिर्माण संस्थेत दरवर्षी सर्वसाधारण सभा घेऊनही शेजाऱ्या-शेजाऱ्यांत इतकं जमत नाही. पण हे सगळं कळण्यासाठी गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसण्याचे पैसे आम्ही भरलेले नाहीत. मोबाइलवर बंदी असल्यामुळे बसल्या जागी दुसरं काही करताही येत नाही. नाइलाजाने समोर बघावं लागतं.

इतिहासही तुम्ही सोडत नाही. तारू नावाचा गोंडांचा प्रमुख वाघाशी झुंजताना मेला, त्याचं ठाणं तळ्याकाठी आहे, त्याच्यावरून ताडोबा, पौषात तिथे जत्रा भरायची, वगैरे. यावरून आम्हाला एवढंच कळलं, की त्या काळी आगाऊ आरक्षण न करताही वाघ भेटत असे. जामणी, नवेगाव ही गावं उठून बाहेर गेली आणि त्यांच्या जागी आता कुरणं आहेत, हेही तुम्हीच सांगता. त्या कुरणांत फोटो फार सुरेख येतात. तुमच्यापैकी कोणाचं आजोळ तिथे असेल, तर कृपया आमच्यापाशी बोलू नये. सहलीच्या आनंदावर विरजण पडतं.

मोहर्लीच्या ताईंना एक स्वतंत्र सूचना. तुम्ही गाडीजवळ आलात की ‘कोणी पुरुष गाइड नाही का?’ असं विचारणारे आमच्यात निघतात. त्यांचंही बरोबरच आहे. मोहफुलं, तेंदूपानं आणि सरपणासाठी लहानपणापासून याच रानात पायी फिरलेल्या बाईला जंगल कसं कळणार? जंगल कळायला हातभर लांबीची लेन्स लागते.

पायी फिरण्यावरून आठवलं. मध्य प्रदेशातल्या सातपुडा व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांना गाइडसोबत जंगलातून पायी नेतात. तिथून परतलेले लोक विचित्र बोलू लागतात. वाघ दिसला नाही, पण ओल्या मातीतला ठसा दिसला, तो चौकोनी होता म्हणून नराचा असावा, असं सांगताना त्यांचे डोळे चमकतात. ही साथ ताडोबात येता कामा नये. इथे गाडीतून पाय खाली टाकायला बंदी आहे, ती तशीच राहावी.

अर्थात इथेही पायी फिरणारे लोक आहेत. त्यांना माहितीपत्रक मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्यातली माणसं पहाटे तेंदूपत्ता तोडायला रानात शिरतात. पानं खुडताना वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही आणि दर उन्हाळ्यात काही जण घरी परत येत नाहीत. वनरक्षकही रोज गस्तीला पायीच जातात. नोव्हेंबर 2021 मध्ये कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेसाठी खुणा शोधत चाललेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीने बळी घेतला. ती वाघीण म्हणजे आमची लाडकी माया, जिचे फोटो आमच्यातल्या कितीतरी जणांच्या भिंतीवर आहेत. वर जो 97 चा आकडा आम्ही ऐटीत लिहिला, तो अशा पायपिटीतून येतो. या परिच्छेदात आम्हाला तक्रार करण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणून पुढे जातो.

तुमच्या पेशातले काही जण मात्र आमच्या अपेक्षा समजून घेतात, हे कबूल करायला हवं. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गाड्यांनी दोन्ही बाजूंनी रस्ता अडवला आणि एक वाघीण बछड्यांसह मध्ये अडकली. वर्षाचा शेवट याहून बहारदार कसा व्हावा? पण व्हिडिओ पसरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि निलंबन व दंड गाइड-चालकांच्या वाट्याला आला. ‘पुढे घे’ म्हणणारे आम्ही, बक्षिशीची नोट खिशातून अर्धी बाहेर काढून दाखवणारेही आम्हीच. शिक्षा मात्र तुम्हाला. ही वाटणी आम्हाला अत्यंत न्याय्य वाटते आणि ती पुढेही चालू राहावी, अशी विनंती आहे.

आता आमच्या मागण्या.

1. रस्त्याच्या दुतर्फा असलेला बांबू काढून टाकावा. त्याच्यामागे वाघ बसतो, असा आम्हाला दाट संशय आहे.

2. वन्यप्राण्यापासून किमान 20 मीटर अंतर ठेवण्याचा नियम शिथिल करावा. एवढ्या लांबून वाघ आमच्याकडे बघतोय की नाही, ते कळत नाही.

3. पावसाळ्यात गाभा बंद ठेवण्याची प्रथा मोडावी. जंगल हिरवं होतं, नवरंग पक्षी येऊन घरटी करतो, नाले वाहू लागतात, आणि नेमकं तेव्हाच आम्हाला बाहेर ठेवलं जातं. त्या काळात जंगल आमच्याविना काय करतं, हे कळण्याचा आम्हाला अधिकार आहे.

4. वाघ न दिसल्यास इतर प्राणी भरपाई म्हणून किती धरायचे, याचा तक्ता फाटकावर लावावा. सध्या आम्ही बिबट्याला अर्धा वाघ आणि अस्वलाला चार आणे धरतो. रानकुत्र्यांची अख्खी टोळी शीळ घालत सांबराच्या मागे धावली तरी त्याचे काही मिळत नाहीत. रानगव्याबाबत आमच्यात मतभेद आहेत. तळ्यातली मगर हलत नसल्यामुळे तिला गुण देऊ नयेत.

5. मंगळवारी उद्यान बंद असतं. त्या दिवशी वाघ रस्त्यावर येऊन बसतात का, याची चौकशी करून अहवाल द्यावा.

शेवटी एक गंभीर बाब तुमच्या कानावर घालायची आहे. आमच्या गोटात काही फितूर शिरले आहेत. ते सीटवर उभे राहत नाहीत. तुम्ही गाडी थांबवली की ‘चला, पुढे चला’ म्हणत नाहीत, उलट ‘ताई, हे घरटं कोणाचं?’ असं विचारतात. मत्स्यगरुड तळ्यावर झेपावेल म्हणून ते तिथेच थांबतात आणि शेजारच्या गाडीला ‘वाघ तिकडे आहे’ असा निरोप मिळाला तरी जागचे हलत नाहीत. या बिघाडाचं मूळ जुनं आहे. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात जाऊन राहिले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. मारुती चितमपल्लींनी वनखात्याची नोकरी करता करता पक्षी आणि झाडं यांच्यावर पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. तेव्हापासून मराठी माणसाला जंगलात वाघाखेरीजही काही असतं अशी शंका येऊ लागली, ती काही केल्या जात नाही.

हे फितूर वाघ न दिसताही संध्याकाळी हसतमुखाने फाटकाबाहेर येतात, तुम्हाला पुरी बक्षिशी देतात आणि पुढच्या खेपेला तुमच्याच गाडीत बसायला मागतात. वाघासाठी गाडी पळवण्याची तुम्हाला गरजच उरत नाही. अशा माणसांची नावं फाटकावर लिहून घ्या आणि त्यांना पुन्हा आत सोडू नका. त्यांची संख्या वाढत गेली, तर ताडोबात नुसतं जंगल उरेल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
वाघ न दिसलेले