कागदपारखी

जून महिन्यात अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांसाठी झुंबड उडालेली असते. अशा वेळी एखाद्या दुकानाच्या काउंटरपाशी कुणी गृहस्थ कोरा कागद कानाशी धरून हळूच हलवताना दिसले, तर ते ओरिगामीवाले आहेत असं खुशाल समजावं. त्यातही कागदपारखी या पोटजातीतले. दुकानातला पोऱ्या विचारतो, ‘‘काका, किती दस्ते देऊ?’’ काका दस्ता काय, एक तावही घेणार नसतात. ते आवाज ऐकत असतात. कागद खडखडला की म्हणतात, ‘‘खळ जास्त आहे.’’ नाही खडखडला की म्हणतात, ‘‘जीव नाही यात.’’ मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कागद चोळतात, उजेडाकडे धरतात आणि मागे उभ्या असलेल्या पालकवर्गाचा अंत पाहून ‘‘बघतो, परत येईन’’ म्हणत निघून जातात. ते परत येतात, हीच दुकानदाराची खरी अडचण.

यांची सुरुवात बहुतेक वेळा नातवंडांच्या हस्तकलेपासून होते. शाळेने घोटीव कागदाचा पक्षी करून आणायला सांगितलेला असतो. आजोबा उत्साहाने बसतात, पक्षी जवळजवळ होतो आणि ऐन चोचीपाशी कागद फाटतो. इथे दोन वाटा फुटतात. सामान्य माणूस म्हणतो, आपल्याला जमत नाही. कागदपारखी म्हणतो, कागद बरोबर नव्हता. त्या क्षणानंतर या माणसाच्या हातून आयुष्यात कधीही चूक होत नाही. जे काही बिघडतं ते कागदामुळे.

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण याच मंडळींसाठी जन्मली असेल असं कुणालाही वाटेल. पंचाईत अशी, की इथे अंगण खरोखरच वाकडं असतं. चौरस म्हणून विकली जाणारी रंगीत कागदांची पाकिटं कागदपारख्याने तुमच्यासमोर तपासून दाखवली, की तुम्ही गप्प होता. तो कोपऱ्याला कोपरा लावून कर्णावर घडी घालतो, मग दुसऱ्या कर्णावर. एका बाजूने मिलिमीटरभर कड डोकावते. तेवढीशी ती कड. पण पुढच्या प्रत्येक घडीत ती थोडी थोडी वाढत जाते आणि शेवटी बगळ्याची मान वाकडी निघते. जपानी कागद पंधरा सेंटिमीटरचा असला की चारही बाजूंनी पंधराच असतो, हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते स्वतःच्या मुलाचे मार्क सांगतानाही नसतं.

मग येतो तंतूंचा विषय. इथे मात्र घड्याळाकडे बघू नये, उपयोग नसतो. कारखान्यात यंत्राच्या जाळीवर लगदा ज्या दिशेने धावतो, त्या दिशेला बरेचसे तंतू लोळतात. म्हणून कागद एका बाजूने मुकाट वाकतो आणि दुसऱ्या बाजूने कुरकुर करतो. तंतूंच्या दिशेने घातलेली घडी सुरेख बसते, आडवी घातली की जाड कागदाची कड फुटते. खोटं वाटत असेल तर वर्तमानपत्र उभं फाडून बघा आणि मग आडवं. उभं सरळ फाटतं, आडवं वेडंवाकडं. हा प्रयोग कागदपारखी प्रत्येक घरी करून दाखवतात, आणि तो त्या दिवशीच्या, अजून कुणी न वाचलेल्या पेपरावर करतात.

झेरॉक्सच्या ए-फोर कागदाबद्दल त्यांना तुच्छता नाही, दया आहे. २१० बाय २९७ मिलिमीटरचा हा गरीब कागद चौरस करायचा तर ८७ मिलिमीटरची पट्टी कापून टाकावी लागते. पट्टी टाकवत नाही. त्यामुळे घरातले तीन खण पट्ट्यांनी भरलेले असतात आणि वहिनी गेली कित्येक वर्षं वाण्याची यादी त्यांवरच लिहितात. पण झेरॉक्सच्या कागदावरचा खरा आक्षेप जाडीचा. ८० जीएसएमचा कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड. तो सहा वेळा दुमडला की चौसष्ट पदर होतात, म्हणजे सहा मिलिमीटरच्या वर. ‘‘आता यातून भुंग्याचा पाय काढायचा!’’ असं म्हणून ते आपल्याकडे अशा नजरेने पाहतात, की भुंग्याला पाय आपणच लावायला सांगितले होते. यात गणित बिनचूक आहे. फक्त त्यांनी भुंगा अजून सुरू केलेला नाही.

भुंग्यासाठी पातळ आणि चिवट कागद हवा. तो बाजारात सहजी मिळत नाही, म्हणून घरी करायचा. अॅल्युमिनियमची फॉइल घ्यायची, तिच्या दोन्ही अंगांना टिश्यू चिकटवायचा आणि वरून पोळपाटावरचं लाटणं फिरवायचं. फॉइलला घातलेली घडी ती विसरत नाही. चुकलेली घडीही विसरत नाही, ही तिची खोड. दुसरा प्रकार म्हणजे दोन टिश्यू मिथाइल सेल्युलोजच्या खळीने एकमेकांना चिकटवून काचेवर वाळवायचे. घरात मोठी काच कुठे असते? खिडकीला. १९७१च्या ब्लॅकआउटनंतर इतके कागद चिकटलेल्या खिडक्या सोसायटीत कुणी पाहिल्या नव्हत्या. सेक्रेटरी विचारायला आले, तेव्हा वहिनींनी दारातूनच ‘‘भुंगा’’ एवढंच उत्तर दिलं आणि सेक्रेटरी फवारणीवाल्याला फोन लावत खाली उतरले.

संग्रह हा वेगळाच प्रांत. लग्नाच्या आमंत्रणाला कागदपारखी जातात, पण मुलामुलीची नावं विचाराल तर सांगता येणार नाहीत. पत्रिकेच्या आतला अर्धपारदर्शक कागद मात्र तारखेनिशी आठवतो. मिठाईच्या खोक्यातला बटर पेपर, चॉकलेटची चांदी, साडीच्या घडीतला कागद, कालनिर्णयचं उलटलेलं पान, सगळं इस्त्री होऊन गादीखाली जातं. मॉलचं बिल तेवढं त्यांना चालत नाही. त्याची घडी नखाने दाबली की उष्णतेने काळी रेघ उमटते. ‘‘आपली घडी आपल्यालाच चिडवते,’’ म्हणतात.

खरा ऐवज गोदरेजच्या कपाटात. कोझो म्हणजे तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला वाशी कागद. ही जपानी हातकागदाची कला २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेली, तेव्हा यांनी शेजारीपाजारी पेढे वाटले होते. शेजारी सुनेचं काही असेल असं समजून अभिनंदन करून गेले. त्याखाली एलिफंट हाइड नावाचा जर्मन कागद. बुकबाइंडिंगसाठी केलेला, कातड्यासारखा चिवट, ओला करून कितीही मोडा. त्यात हत्तीचं काही नसतं, पण सासूबाईंनी नाव ऐकलं आणि सोवळ्याच्या कपाटापासून तो चार हात दूर ठेवायला लावला. त्याच्या शेजारी पुण्याच्या हातकागद संस्थेतला चिंध्यांच्या लगद्याचा कागद. १९४० सालापासून चालत आलेल्या या संस्थेबद्दल त्यांना अभिमान आहे. कागद मात्र भुंग्याला जाड पडतो, असं ते आवाज खाली आणून सांगतात.

यांतला एकही कागद त्यांनी अजून दुमडलेला नाही. का, असं विचारावं तर ऋतू आडवा येतो. पावसाळ्यात कागद सादळतो, घडी उभीच राहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत तो इतका कोरडा होतो की कडेला तडकतो. ऑक्टोबरात हवेचा भरवसा नाही. राहता राहिली थंडी, तर तेव्हा लग्नसराई असते आणि पत्रिका गोळा करायच्या असतात.

दैवतं त्यांची दोन. पहिले अकिरा योशिझावा. १९११ साली जन्मलेल्या या माणसाने तरुणपणी कारखान्यात काम करता करता घड्या घातल्या, पुढे जाड कागद किंचित ओला करून त्याला गोलाई देण्याची रीत काढली. कागदातली खळ पाण्याने मऊ होते आणि वाळली की आकार धरून ठेवते, एवढंच त्यातलं रहस्य. दुसरे अमेरिकेतले रॉबर्ट लँग. लेसरवर संशोधन करणारे हे भौतिकशास्त्रज्ञ २००१ साली नोकरी सोडून पूर्णवेळ घड्यांकडे वळले. ही हकीकत कागदपारखी आयटीत असलेल्या जावयाला दर दिवाळीला सांगतात आणि मुलगी दर दिवाळीला विषय बदलते.

तिसरं नाव ते घेतात ते हिरोशिमाच्या सादाको सासाकीचं. अणुबाँबच्या किरणोत्सर्गामुळे रक्ताचा कर्करोग झालेली ही मुलगी १९५५ साली बाराव्या वर्षी गेली. हॉस्पिटलमध्ये तिने बगळे केले ते औषधांच्या पुड्यांच्या आणि मिळेल त्या कागदांचे. हे सांगताना त्यांचा गळा खरोखर दाटून येतो. त्यानंतर पाचच मिनिटांनी नात बिस्किटाच्या पुड्याचा कागद घेऊन शिकवा म्हणून आली, तर म्हणतात, ‘‘हा नको गं, याला घडी धरत नाही.’’ खरं तर हेही बरोबरच आहे. प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद उलगडत राहतो. या माणसाचं काहीच चुकत नाही, म्हणून त्याच्याशी भांडता येत नाही.

उन्हाळी शिबिरात त्यांना एकदा बोलावलं होतं. विषय ‘कागदाचा पक्षी’. ते नमुन्यांची पिशवी घेऊन आले आणि मुलांना एकेक कागद हाताळायला देत तंतू, खळ, जीएसएम असं सविस्तर सांगू लागले. वेळ संपली तेव्हा ते जाडीपर्यंत पोचले होते. दरम्यान मागच्या बाकांवर त्याच नमुन्यांच्या टोप्या, होड्या आणि विमानं झाली होती. एक विमान तर वाशीचं होतं आणि फार सुंदर उडालं. कागदपारखी ते खिडकीबाहेर जाईपर्यंत पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘बघा, सांगत होतो ना, कागद चांगला आहे.’’

तरीही तुमच्या शाळेत किंवा सोसायटीत ओरिगामी शिकवायची असेल तर त्यांना जरूर बोलवा. त्यांच्याइतकं कागदाबद्दल कुणाला माहीत नाही आणि मानधनही ते घेत नाहीत. फक्त कागद तुम्हीच आणून ठेवा. शिकणाऱ्याला झेरॉक्सचा साधा कागद, नीट चौरस कापलेला, भरपूर पुरतो आणि हे त्यांनाही मान्य आहे. ते फक्त विचारतील, ‘‘कुठल्या कंपनीचा?’’ उत्तर देऊ नका.