सुईविना सुईचं घर

पिनकुशन न शिवताच केलं पाहिजे. ही आळशांची पळवाट नव्हे, शुद्ध तर्कशास्त्र आहे. ज्या घरात पिनकुशन नसतं त्या घरात सुई जागेवर नसते. ती रिळात खोचलेली असते आणि रीळच सापडत नाही. कॅलेंडरच्या कोपऱ्यात टोचलेली असते आणि जानेवारीत जुन्या कॅलेंडरबरोबर रद्दीत जाते. किंवा गादीत असते, आणि ते मात्र लगेच कळतं. सेफ्टी पिनांचा पत्ता पक्का, घरातल्या बाईची बांगडी. पण बांगडीत सुई अडकवता येत नाही. म्हणजे ज्याला पिनकुशन हवंय त्याच्या हाताशी सुई नाही, आणि ज्याची सुई हाताशी आहे त्याचं पिनकुशनवाचून काही अडलेलं नाही. मग शिवायचं पिनकुशन शिवणार कोण?

छत्रपती संभाजीनगरात यावर एक भारदस्त आक्षेप येणारच. कारागिरांच्या या गावात चिकटवाचिकटवी शोभते का? खुद्द औरंगजेब टोप्या शिवायचा, आणि त्या कमाईतून आपलं कफन व्हावं असं त्याने सांगून ठेवलं होतं म्हणतात; कबर तर शेजारी खुलताबादेतच आहे. आक्षेप वजनदार खरा, पण या मुलखाचं नाव झालं ते टाक्यामुळे नव्हे, मागामुळे. पैठणी मागावरून उतरते ती थेट नेसायला. हिमरूची नक्षी सुती ताण्यावर रेशमी बाण्याने उमटते, तिथेही भरतकामाची सुई नाही. हिमरूच्या शेरवान्या शिवल्या जात, हे कबूल. पण ते काम शिंप्याचं, आणि त्याची सुई हरवत नसे. नऊवारीला टाका लागत नाही, धोतराला नाही, फेट्याला नाही. (हल्ली शिवलेली नऊवारी मिळते. तिच्याबद्दल न बोललेलं बरं.) सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे ओटीतला ब्लाऊजपीस. तो गुलमंडीवरून निघतो, सिडकोत कुणाच्या ओटीत पडतो, गारखेड्यात हळदीकुंकवाला जातो, फिरून पुन्हा सिडकोत येतो. अंगावर मात्र कधीच चढत नाही. न शिवण्याची इतकी जुनी परंपरा असताना आपणच सुई शोधत बसावं, हे परंपरेला धरून नाही.

तर तोच ब्लाऊजपीस घ्यावा. सुती असला तर उत्तम. हिमरूचं कात्रण मोहात पाडेल, पण त्याच्या उलट्या बाजूला सुटे धागे असतात आणि कापलेली कड उसवत जाते. पैठणीला तर टाचणी लावायचा विचारही नको, रेशमावर भोक कायमचं राहतं. पिनकुशन बसवायचं ते बरणीच्या झाकणावर; बरणी जॅमची चालेल. इथे परदेशी कृतीवर विसंबू नये. जॉन मेसन या अमेरिकन माणसाने 1858 साली जिचं पेटंट घेतलं, त्या बरणीच्या आजच्या अवतारांना दोन तुकड्यांचं झाकण असतं, सपाट चकती आणि आट्यांची कडी. कापड मध्ये घालून कडी फिरवली की काम झालं. आपल्या जॅमचं झाकण अखंड असतं, त्यामुळे चिकटवणं आलं. पांढरा गोंद लाकूड-कागदाचा सोबती, पत्र्याला तो नीट धरत नाही; चपला चिकटवायचा पिवळसर रबरी गोंद आणावा. भरणाला कापूस घेऊ नये, तो ओल धरतो. जुन्या घोंगडीचे तुकडे सर्वांत चांगले, कारण मेंढीच्या लोकरीत अंगचाच मेणचट अंश असतो आणि तो सुईला गंजू देत नाही. भरण दाबून दीड इंच तरी उरलं पाहिजे, नाहीतर सुईचं टोक झाकणाच्या पत्र्यावर आपटून बोथट होतं. झाकणाच्या अडीचपट रुंदीचा गोल कापून भरणावर ओढावा, झाकणाच्या कडेला रबरबँड चढवावा, चुण्या सारख्या कराव्यात आणि मग त्यांच्याखाली गोंद लावावा. कापड झाकणाच्या आत मुडपू नये. आटे बसत नाहीत आणि मग बरणी उघडीच राहते. रात्रभर वाळलं की जास्तीचं कापड कापून वरून जरीची लेस चिकटवावी.

आता शेवटची शंका: फॉल-पिको दुकानात होतो, कपडे तयार मिळतात, मग सुई लागते कुणाला? याचं उत्तर बरणीच्या पोटात आहे. नव्या शर्टाबरोबर पुडीत येणारं जास्तीचं बटण प्रत्येक घर जपून ठेवतं आणि कुणीही लावत नाही. लावत नाही, कारण सुई सापडत नाही. बटणं बरणीत आणि सुई झाकणावर आली, की ही सबब संपते. काहींना हाच या वस्तूचा मुख्य दोष वाटेल.

बरणी लोणच्याची असेल तर गरम पाण्याने दोनदा धुऊन चांगली उन्हात वाळवा. आत मिठाचा अंश राहिला तर बटणांसोबत टाकलेले हूक आणि सेफ्टी पिना गंजतात, आणि खाराचा वास बटणांनाही लागतो.